कर्करोग, वजन आणि आपली दिनचर्या
(संस्थेच्या वार्षिक सभेत कर्करोग विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



बाह्यरुग्ण विभागात आम्हांला वारंवार विचारला जाणारा प्रश्न औषधांविषयीचा नसतो. "आईने कधी तंबाखूला हात लावला नाही, उपासतापास सगळे केले, मग तिलाच का?" असा तो असतो. गेल्या वर्षी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगावर उपचार घेतलेल्या एका भगिनींच्या मुलाने हेच विचारले. दाराबाहेर रांग असताना त्याचे उत्तर नीट देता आले नाही. ते आज सवडीने देतो.

शरीरातील अनेक पेशी आयुष्यभर विभागत असतात. विभागताना जनुकांतील मजकुराची नक्कल होते आणि नकलेत चुका राहतात. बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. ते न जमल्यास पुष्कळदा ती स्वतःचा अंत करून घेते. क्वचित एखादी पेशी चुकीसह तग धरते. मात्र एका चुकीने सहसा कर्करोग होत नाही. आर्मिटेज आणि डॉल या ब्रिटिश संशोधकांनी १९५४ मध्ये मृत्यूंच्या आकडेवारीवरून असा तर्क मांडला की, पेशीत सहा-सात बदल एकामागून एक घडावे लागत असावेत. हा आकडा प्रत्येक कर्करोगाला लागू पडत नाही. तथापि उतारवयात हा रोग अधिक का आढळतो, याचा उलगडा त्यातून होतो. इतक्या पायऱ्या चढण्यास वर्षे लागतात.

मग वजनाचा संबंध कोठे येतो? चरबी म्हणजे निव्वळ साठा, अशी समजूत पूर्वी होती. वास्तविक ती एखाद्या ग्रंथीप्रमाणे काम करते. पाळी थांबल्यावर स्त्रीच्या बीजांडकोशातून इस्ट्रोजेन येणे जवळजवळ बंद होते. चरबीतील अॅरोमटेज नावाचे विकर मात्र ते तयार करीतच राहते. गर्भाशयाच्या अस्तराला आणि स्तनातील पेशींना त्यामुळे वाढीचा आदेश मिळत राहतो, आणि अस्तराला आवर घालणारे प्रोजेस्टेरॉन तेव्हा नसते. त्यात पोटावरील चरबीमुळे रक्तातील इन्शुलिन वाढते, मंद दाह धुमसत राहतो. विभागणी वाढली की नकलेतील चुकांनाही अधिक वाव मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये १३ प्रकारच्या कर्करोगांशी अतिरिक्त चरबीचा संबंध मान्य केला. मोठे आतडे, मूत्रपिंड, यकृत, पित्ताशय आणि स्वादुपिंड हे अवयव त्यांत आहेत. गर्भाशयाच्या अस्तराशी असलेला संबंध सर्वांत ठळक आहे. (गर्भाशयमुखाचा कर्करोग निराळा, तो प्रामुख्याने विषाणूमुळे होतो.) तंबाखू, मशेरी आणि मद्य यांचा दोष यामुळे तिळमात्र कमी होत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

"आमच्या घरी एवढे लठ्ठ कोणी नाही," असे काही जण म्हणतील. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच उदाहरण दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३; शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! त्यांचा विषय मधुमेहाचा होता. परंतु काटा आपल्याला फसवतो, हे त्यातून स्पष्ट झाले. म्हणून भारतीयांसाठी या निर्देशांकाची मर्यादा २३ धरतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे सांगतात.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. वजन शक्यता वाढवते, निवाडा देत नाही. बहुसंख्य स्थूल स्त्रियांना हा रोग कधीच होत नाही आणि सडपातळ स्त्रियांनाही तो होतो. कोणत्या पेशीत कोणती चूक टिकेल, यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. "तिनेच ओढवून घेतले" हे नातलगांचे बोलणे क्रूर तर आहेच, शिवाय चुकीचे आहे. आम्हांला खंत वाटली ती वेगळ्या गोष्टीची. पाळी थांबून सहा वर्षे झाल्यावर दिसलेले रक्त त्यांनी "उष्णता" समजून आठ महिने कोणाला सांगितले नाही. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर एक डाग जरी दिसला, तरी तपासणी करून घ्यावी. बहुतेकदा कारण साधे निघते. परंतु कर्करोग असल्यास अशा वेळी तो पुष्कळदा आरंभीच सापडतो.

आणखी एक विनंती. "कर्करोगाला खाद्य मिळू नये" म्हणून काही घरांत रुग्णाचे साखर, भात, दूध बंद केले जाते. उपचार चालू असताना आपोआप घटणारे वजन ही चांगली खूण नव्हे. अशक्त रुग्णाची औषधे कित्येकदा मध्येच थांबवावी लागतात. पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चालण्याचा नेम मात्र घरातील निरोगी मंडळींनी आजपासून करावा; आठवड्याला दीडशे मिनिटे पुरेशी आहेत.

आपल्या देणगीतून केसपेपरच्या खिडकीशेजारी वजनकाटा आणि मोजपट्टी ठेवली आहे. मोजणी निःशुल्क आहे. पाळी थांबल्यानंतरच्या रक्तस्रावाची तक्रार असलेल्या भगिनींना त्याच दिवशी तपासले जाते. त्या माउली मागील तपासणीस आल्या, तेव्हा धाकट्या बहिणीला सोबत घेऊन आल्या होत्या. बहिणीची कंबर ९४ भरली. पट्टी मुलानेच धरली होती.