कामगारवस्तीची बातमी नभोवाणीवर का नाही?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचे संक्षिप्त रूप)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने नभोवाणीवर बोलावे, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु समाजात वस्तूंच्या वाटपाइतकेच माहितीचे वाटपही विषम असते, आणि पहिल्या विषमतेला पुष्कळदा दुसरीचा आधार असतो. म्हणून माझा प्रश्न साधा आहे : औद्योगिक नगरातील श्रमिकाचे रोजचे जीवन ही बातमी आहे की नाही?

शेअर बाजाराचा निर्देशांक बातम्यांत येतो, सोन्याचा भाव येतो. इचलकरंजीत यंत्रमागावर मीटरमागे मजुरी किती पडते, सोलापुरात हजार विड्या वळल्यावर बाईच्या हातात काय येते, रात्रपाळी सुटते तेव्हा नळाला पाणी असते की नाही, हे मात्र क्वचितच येते. हे आकडेही अर्थव्यवस्थेचेच आहेत. पहिले आकडे भांडवल असणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत, दुसरे केवळ श्रम असणाऱ्यांच्या, एवढाच काय तो फरक.

आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘कामगार सभा’ आपल्यातील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. गाणी, श्रुतिका आणि उपयुक्त माहिती यांमुळे या कार्यक्रमाने चाळीचाळींतून आपुलकीचे स्थान मिळविले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण कार्यक्रमाचा श्रोता होणे आणि बातमीचा विषय होणे या भिन्न गोष्टी आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. बुडालेले मनुष्यदिवस मोजले गेले, न विणलेल्या कापडाचा हिशेब झाला. परंतु गहाण पडलेली भांडी, खानावळवाल्या बाईची थकलेली बाकी, कोकणात आणि घाटावर परतलेली बिऱ्हाडे यांची रोजच्या रोज नोंद ठेवणारी यंत्रणा कोठे होती? ज्या नुकसानीची नोंदच होत नाही, तिची भरपाई मागता येत नाही.

माहितीच्या अभावाची किंमत कधी प्राणांनीही चुकवावी लागते. भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला. पत्रकार राजकुमार केसवानी यांनी १९८२ मध्ये ‘रपट’ या आपल्या छोट्या हिंदी साप्ताहिकातून धोक्याचा इशारा दिला. पुढेही देत राहिले. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला, तेव्हा शेजारच्या वस्त्यांतील हजारो माणसांना त्याचे नावही ठाऊक नव्हते. तोंडावर ओले फडके धरावे, एवढी सूचनासुद्धा त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. नभोवाणीने अपघात टळला असता, असा दावा मी करीत नाही. त्याचे मूळ नफ्यासाठी सुरक्षिततेवर केलेल्या काटकसरीत होते. परंतु साप्ताहिक वाचायला अक्षरओळख लागते, विकत घ्यायला पैसा लागतो. ट्रान्झिस्टर विड्या वळता वळताही ऐकता येतो. केसवानींचा इशारा त्यावरून रोज ऐकू आला असता, तर तो दडपणे इतके सोपे गेले नसते.

आता कायद्याकडे वळू. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्यासह तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. मग या मालमत्तेचा उपयोग कसा झाला? २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणी चालविण्याची परवानगी दिली, पण वृत्त आणि चालू घडामोडी वगळून! २०११ च्या धोरणाने खासगी एफएम केंद्रांना आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी ऐकविण्याची मुभा दिली. पाणी, वीज, आरोग्य यांविषयी सांगता येईल, परंतु स्थानिक प्रशासनाने पुरविलेल्या सूचनेपुरतेच. म्हणजे उद्या पाणी येणार नाही, हे निवेदकाने सांगावे. का येणार नाही, हे त्याने विचारू नये.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये खासगी एफएमला तासाला दहा मिनिटे बातम्या देऊ द्याव्यात, अशी शिफारस केली. तिचे स्वागत करताना आपण सावध असावे. जाहिरातीवर जगणारे केंद्र जाहिरातदाराच्या कारखान्यातील अपघात किती निर्भयपणे सांगेल? सरकारी मौनाच्या जागी बाजाराचे मौन आले, तर आपण काय मिळविले? यावरचा मार्ग अगदी अपरिचित नाही. ब्रिटनमध्ये शेफील्ड या पोलादनगरीत बीबीसीने नोव्हेंबर १९६७ मध्ये स्थानिक केंद्र सुरू केले. प्रारंभीच्या खर्चाचा वाटा स्थानिक संस्थांनी उचलला. पण २०२२ मध्ये बीबीसीने स्थानिक नभोवाणीत कपात जाहीर केली. तेव्हा सार्वजनिक संस्था एकदा उभारून भागत नाही, ती लोकांना राखावी लागते.

आपली मागणी म्हणून त्रिविध असावी : सामुदायिक केंद्रांना वृत्तस्वातंत्र्य, आकाशवाणीच्या प्रत्येक औद्योगिक नगरातील केंद्रावर स्थानिक वार्तापत्र, आणि त्यासाठी सत्तेच्या हस्तक्षेपापासून सुरक्षित असा सार्वजनिक निधी.

परंतु कायदा बदलेपर्यंत हात बांधून बसण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने एक वही ठेवावी. वस्तीत पाणी किती वेळ आले, मजुरी कोणत्या दराने मिळाली, कारखान्यात कोणाचे बोट तुटले, हे तारखेसह लिहावे. महिन्याच्या सभेत मोठ्याने वाचावे. नभोवाणीचे दार ज्या दिवशी उघडेल, त्या दिवशी सांगण्यासारखे आपल्याजवळ काही असले पाहिजे.