चित्रांत उरलेलें लांकूड

दगड टिकतो आणि लांकूड जातें. बुलढाणा जिल्ह्यांतील रोहिणखेडची मशीद खुदावंदखानानें इ. स. १५८२ मध्यें बांधविली. ती आजहि आपणांस पाहतां येते. आतां त्याच जिल्ह्यांतील अमडापूर घ्या. टेकडीवरील बल्लाळदेवीमुळें हें गांव पंचक्रोशींत प्रसिद्ध आहे. परंतु अशा गांवांतील सुतारानें चारशें वर्षांपूर्वीं जीं कवाडें घडविलीं, ज्या बैठकी रचल्या, त्यांची साक्ष कोण देणार? वाळवी, पाऊस आणि आग यांनीं त्यांतलें फारच थोडें शिल्लक ठेविलें. त्या काळच्या लांकूडकामाचा मागोवा घ्यावयाचा तर हस्तलिखित ग्रंथांतील चित्रांकडे वळावें लागतें.

इ. स. १५७४ मध्यें मुर्तजा निजामशहानें वऱ्हाड जिंकलें आणि हा मुलूख अहमदनगरच्या अमलाखालीं आला. मुर्तजाचा बाप हुसेन निजामशहा याच्या स्तुतिपर आफताबी नांवाच्या कवीनें रचलेलें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें फारसी काव्य पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. त्यांत बारा चित्रें आहेत. एका चित्रांत स्त्रीच्या स्पर्शानें वृक्ष बहरतो. हा दोहदाचा संकेत तर अस्सल भारतीय. दरबाराच्या चित्रांत शहाच्या जोडीला खुंझा हुमायून राणीहि बसलेली होती. पुढें तिची आकृति बहुतेक ठिकाणीं पुसून टाकण्यांत आली. राणी गेली, सिंहासन तेवढें राहिलें.

या ग्रंथचित्रांचें माहेर इराणी परंपरेंत आहे. हेरातच्या बिहजादानें १४९४-९५ च्या सुमारास खवर्नक राजवाड्याचें बांधकाम रंगविलें. त्यांत शिडी आहे, लांकडी परांची आहे, आणि विटा व चुना वर पोंचविणारे मजूर आहेत. १४८८ मधील ‘बोस्तां’च्या प्रतींत त्यानें जुलेखाचा महाल दाखविला, तेथें बंद दारांमागून दारें लागतात आणि वर एक लांकडी सज्जा पुढें आलेला दिसतो.

अशा चित्रांतील दारांवर तारकांची नक्षी वारंवार आढळते. तिच्यामागें सुताराचें व्यवहारज्ञान आहे. रुंद फळी कोरड्या हवेंत आकसते आणि तडकते. म्हणून तिकडील कुशल सुतार लहान लहान तुकडे एकमेकांच्या खांचेंत बसवीत. ना खिळा, ना सरस. तुकडे फुगले वा आकसले तरी दार शाबूत राही.

मात्र चित्रकार म्हणजे सुतार नव्हे. तो तख्ताची बैठक वरून पाहतो आणि पाय समोरून काढतो. सांधा कोठें आहे हें सांगण्याची त्याला निकड नसते. म्हणून चित्र प्रत्यक्ष वस्तूशीं ताडून पाहावें लागतें. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांत १३६० सालची एक रेहल आहे. आपल्याकडील पोथीच्या ठवणीसारखीच. तीवर हसन बिन सुलेमान इस्फहानी या कारागिराचें नांव कोरलेलें आहे. आणि लांकूड कोणतें? साग! इराणांत साग उगवत नाहीं. तो पूर्वेकडील देशांतूनच यावयाचा. तिकडची चित्रकला दख्खनेंत रुजण्यापूर्वींच इकडच्या बाजूचें लांकूड तिकडील कारागिराच्या हातीं पोंचलें होतें.

आज अमडापुरासारख्या गांवांत जुनें घर उतरवितात, तेव्हां तुळया, कडीपाट आणि कोरीव चौकटी घनफुटाच्या भावानें विकल्या जातात. शहाच्या पदरीं चितारी होता. गांवच्या सुताराचें काम कोणीं रंगविलें नाहीं. जुनें घर राखणें प्रत्येकास परवडेल असें नव्हे. पण तें मोडण्यापूर्वीं चौकटीचें माप घ्यावें, सांधा सुटतांना त्याची आकृति काढावी, छायाचित्र घ्यावें, आणि सुताराचें नांव घरांतील वडीलधाऱ्यांस ठाऊक असल्यास तें टिपून ठेवावें. हसनाचें नांव साडेसहाशें वर्षें टिकलें, कारण तें लांकडावर कोरलेलें होतें. आपल्या आजोबांचीं कवाडें ज्यानें घडविलीं, त्याचें नांव निदान कागदावर तरी राहूं द्या.