‘मूळव्याध असेल’ म्हणण्याआधी



एरवी आपल्या बैठकीत माझ्याकडे लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एवढंच काम असतं. आज अम्मीची परवानगी घेऊन बोलतोय आणि विषय आहे संडास. हसायचं त्यांनी आत्ताच हसून घ्या.

अम्मीला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर झाला. आठवड्यातले पाच दिवस, असं पाच आठवडे बाहेरून रेडिएशन, सोबत दर आठवड्याला केमो, शेवटी आतून रेडिएशन. गर्भाशयाच्या अगदी मागे गुदाशय, वरच्या बाजूला लहान आतडं. किरण कितीही नेमके सोडले तरी झळ तिथे लागतेच. मशीनवर जाण्याआधी पाणी पिऊन लघवी रोखून धरायला सांगत. भरलेलं मूत्राशय आतड्याला वर सरकवतं, किरणांच्या वाटेतून बाजूला. हे कारण अम्मीला कुणी सांगितलंच नव्हतं. कपडे ओले होतील या भीतीने ती दोनच घोट प्यायची.

तिसऱ्या आठवड्यात जुलाब सुरू झाले. आतड्याचं अस्तर दर थोड्या दिवसांनी नवं होत असतं, आणि रेडिएशन अशा भराभर वाढणाऱ्या पेशींनाच आधी गाठतं. कळा, आव, जाऊन आलं तरी पुन्हा जावंसं वाटणं. ओआरएस, मऊ भात आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोपेरामाइडच्या गोळ्या यांवर ते दिवस निघाले. उपचार संपल्यावर महिन्याभरात थांबलं. सुटलो, असं वाटलं.

दीड वर्षाने रक्त पडायला लागलं. तिने फक्त खालाला सांगितलं. खाला म्हणाली, मूळव्याध असेल. मग सहा महिने चूर्ण! अम्मी लग्नांना जाईना, एसटीत बसेना. नमाजही सुटली, कारण सारखं ओलं लागायचं, वुजू टिकायचा नाही. मला वाटलं, खचली आहे. तपासणीला डॉक्टर विचारत, “काही त्रास?” ती म्हणे, “नाही.” शेजारी मी उभा! मुलासमोर ती काय बोलणार? एकदा फोन आला म्हणून मी बाहेर गेलो, तेव्हा नर्सने विचारलं, “कपडे खराब होतात का? घाई होते का?” परत आलो तर अम्मी रडत होती.

हा उशिराचा त्रास महिन्यांनी, वर्षांनीही येतो. अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, नाजूक नव्या तयार होऊन त्यांतून रक्त येतं. गुदाशय ताठरतो, म्हणून थोड्याशा मळानेही घाई होते. काहींना पित्तरस नीट शोषला न गेल्यामुळे जुलाब होतात, त्याचं औषध वेगळं. दुर्बिणीने पाहिलं, कॅन्सर परतला नव्हता. डॉक्टरांनी तपासायला तुकडा मुद्दाम काढला नाही, कारण किरण लागलेल्या जागी जखम सहज भरत नाही. म्हणून रेडिएशनचा कागद जपून ठेवा आणि रक्त दिसलं की कुठल्याही डॉक्टरला तो आधी दाखवा.

सुक्राल्फेटच्या एनिमाने रक्त थांबलं. व्यायामाने घाई कमी झाली, गेली नाही. मौलानांना मीच विचारलं. ज्याचा त्रास थांबतच नाही त्याने नमाजच्या प्रत्येक वेळेला नवा वुजू करावा, तेवढा पुरे, असं ते म्हणाले. मसला जुनाच आहे, विचारायला आम्हाला दोन वर्षं लागली.

आता तपासणीच्या वेळी मी बाहेर बसतो. परवा अम्मी एसटीने खालाकडे गेली. पिशवीत जादा कपडे, आणि सीट दाराजवळची.