साताऱ्यातला पावसाळा नेमका कोणता?



 

बालवाडी-अंगणवाडीच्या या संमेलनात सभागृहाबाहेरचं शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन मी सकाळी पाहिलं. मेहनत दिसते. पण ऋतूंच्या बहुतेक तक्त्यांवर हिवाळ्यात बर्फाचा माणूस उभा आहे आणि शरदात पानगळ चालू आहे. आपल्याकडे शरदात भाताच्या लोंब्या भरतात, झाडं हिरवीगार असतात. पानं झडतात ती माघ-फाल्गुनाच्या सुमाराला, आणि ती पुरती झडायच्या आत कुसुंबाला लाल पालवी फुटलेली असते. मुलांना बर्फ दाखवूच नये, असं मी म्हणत नाही. गोष्टीत हत्तीही उडतो, बिघडत काहीच नाही. तक्ता मात्र आपण खरी माहिती म्हणून भिंतीवर लावतो. मग खिडकीतून दिसणारं आणि भिंतीवर दिसणारं जुळलं नाही, तर तीन वर्षांचं मूल भिंतीवर विश्वास ठेवायला शिकतं. मला भीती आहे ती याची.

बरं, परदेशी तक्ता काढून देशी लावला, तरी प्रश्न सुटतो का? सातारा जिल्हा घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास. एकीकडे मूल जुलैमध्ये इरल्याखालचं जग बघतं, दुसरीकडे त्याच महिन्यात घरातली मोठी माणसं आभाळाकडे डोळे लावून बसलेली असतात. दोन्ही अंगणवाड्यांना 'पावसाळा' या विषयाचं पत्रक मात्र एकच जातं: होडी करा, छत्री रंगवा, बेडकाचा मुखवटा घाला. माणमधल्या मुलाचा पावसाळा म्हणजे बहुधा वाट पाहणं. ढग आले, गेले, वारा सुटला, आजी काय म्हणाली, टँकर आला का. यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते पत्रकात कुठून येणार?

शहरातल्या नर्सरींची तऱ्हा वेगळी. तिथे 'पावसाळा दिन' साजरा होतो. मुलं निळे कपडे घालून येतात. बाहेर सर कोसळत असते आणि आत खिडक्या लावून कापसाचे ढग चिकटवण्याचं काम चालू असतं. फोटो सुरेख येतात.

परिसरातून शिकवणं आपल्याला नव्यानं शोधायचं नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक तिथे त्यांच्याबरोबर काम करत होत्या. १९४५ मध्ये बोर्डीला आल्यावर ताराबाईंच्या लक्षात आलं, की माँटेसोरी पद्धतीची महागडी साधनं खेड्याला परवडणार नाहीत. मग बिया, शंख-शिंपले, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. पुढे कोसबादच्या टेकडीवर अनुताई वाघांच्या साथीनं हे काम वारली मुलांपर्यंत पोचलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरली. आपण या दोघींच्या तसबिरींना हार घालतो. त्यांनी साधनांच्या खर्चाचा प्रश्न सोडवला, एवढंच आपल्या ध्यानात राहिलं. पण परिसरातली वस्तू वापरली की परिसराचं वेळापत्रकही आपोआप वर्गात येतं, कारण सागरगोटे बारा महिने पडत नाहीत. या दुसऱ्या गोष्टीकडे आपण फारसं पाहिलं नाही.

इतक्या लहान मुलाला ऋतू कळतो तरी कसा, हे विचारायला हवं. 'उद्या आम्ही मामाकडे गेलो होतो,' असं सांगणारं हे वय. त्याला महिन्यांची नावं पाठ करून घेण्यात काय अर्थ? त्याला ऋतू कळतो तो अंगाला आणि जिभेला. म्हणून मला सर्वांत आवडणारा उपक्रम अगदी साधा आहे: रुमाल वाळवणं. मुलांनी स्वतः रुमाल भिजवायचा, पिळायचा, दोरीवर टाकायचा आणि मधून मधून हात लावून बघायचा. जुलैत खाऊ होतो, घरी जायची वेळ होते, तरी रुमाल ओलाच. ऑक्टोबरच्या उन्हात दोन-चार गाणी होईपर्यंत तो कडक. ताईंनी काहीही समजावून सांगायचं नाही. हवेतल्या ओलाव्याचा धडा सहावी-सातवीत येईल तेव्हा येईल. पिळताना मनगटाला व्यायाम होतो, चिमटा लावताना बोटांना. दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमधल्या नर्सरीतही हे जमतं.

तसंच जानेवारीत मटार सोलणं, मेथी निवडणं, संक्रांतीच्या सुगडातली बोरं, हरभरे, उसाचे करवे वेगवेगळे करणं. शेंगेची शिवण अंगठ्यानं उकलणारं मूल पुढे पेन्सिल नीट धरतं. आणि दाणे तोंडात टाकतं, ते टाकू द्यावेत.

एक झाड वर्षभर बघावं. जवळपास काटेसावर असेल तर भाग्यच. थंडी सरताना पान एक नाही आणि फांद्या लाल फुलांनी भरलेल्या, वर मैना-बुलबुलांचा कल्लोळ. उन्हाळ्यात बोंडं तडकून कापूस उडायला लागतो. शाळा पुन्हा उघडते तेव्हा झाड ओळखू येणार नाही इतकं हिरवं. सावर नसेल तर भिंतीच्या फटीतला पिंपळही चालतो. झाडं दहा दाखवू नका. एकाच झाडाकडे परत परत गेल्याशिवाय बदल दिसत नाही.

उत्साहाच्या भरात धोका विसरू नये. मोजणीच्या ट्रेमध्ये मी गुंजा पाहिल्या आहेत. दिसायला देखण्या, पण विषारी. कण्हेर आणि धोतरा यांचंही तेच. हिवाळ्यात कुंपणावर खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा असतात, तिकडे मुलांना नेण्यापूर्वी मोठ्यांनी एक चक्कर मारावी. पावसाळ्यात दगड उलटे करायचं काम मोठ्यांचं. आणि मटार सोलताना ताई समोर असतात; एरवी, मोठ्यांची नजर नसताना, तीन वर्षांच्या मुलाच्या नाकात जाईल असं बी त्याच्या हातात देऊच नये. आंब्याची कोय द्या.

आता जरा कडू बोलते. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. तिच्या सहा सेवांपैकी पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. उरलेल्या पाच पोषण-आरोग्याच्या, आणि त्या प्रत्येकीच्या नोंदी सेविकेच्या माथी. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं तीन ते आठ वर्षं हा पायाभूत टप्पा मानला, हे चांगलं झालं. पण अंगणात जायला बाईंना वेळ कोण देणार? म्हणून निसर्गनोंदीचं आणखी एक रजिस्टर कृपा करून काढू नका. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत जिथे दुधाचा हिशेब लिहितात, त्याच चौकटीत लिहा: आज मृगाचा किडा दिसला, आज तेरडा फुलला. मृग नक्षत्र सात-आठ जूनला ठरल्याप्रमाणे लागतं, पाऊस मात्र हल्ली त्याचं ऐकत नाही. पुढच्या वर्षी उपक्रम कधी घ्यायचा, हे ठरवायला या जुन्या दिनदर्शिका कुठल्याही पत्रकापेक्षा उपयोगी पडतील. त्या रद्दीत घालू नका.

शेवटी एक मागणी. आपली प्रशिक्षणं बंद सभागृहात सलग उरकली जातात. त्याऐवजी तेवढेच दिवस वर्षभरात विभागून, प्रत्येक ऋतूत एकदा आणि आपापल्या तालुक्यात, निम्मा वेळ तरी बाहेर घ्यावेत, असा ठराव दुपारच्या सत्रात मांडला जाणार आहे. त्यावर मदतनीसांनाही मत देता यावं, अशी सूचना मी कार्यकारिणीला केली आहे. रोज सकाळी अंगण त्या झाडतात. रात्रीत कोणत्या झाडाखाली काय पडलं, हे आपल्या आधी त्यांना ठाऊक असतं.