फ्रिजवरचं बारवेचं कार्ड

आजचा एपिसोड थोडा घरचा आहे.

जिंतूर तालुक्यातलं चारठाणा हे माझं आजोळ. जुनी मंदिरं, उंच दगडी स्तंभ, बारव हे सगळं बघायला लोक लांबून येतात. मला मात्र बारव म्हटलं की पोटात गोळा येतो.

कारण माझा मामेभाऊ. अकरा वर्षांचा. त्याला ऑटिझम आहे, शब्द मोजकेच. पाण्याचं प्रचंड वेड. दार उघडं दिसलं की स्वारी बारवेकडे. दोनदा शेजाऱ्यांनी पायऱ्यांवरून धरून आणला. शेवटी मामीनं बाहेरून कडी लावायला सुरुवात केली. दिवसभर. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "मला हौस आहे का रे लेकराला कोंडायची?"

आता मी पडलो इंजिनिअर. म्हणजे आधी काय करणार? अ‍ॅप! दोन रविवार घालवले. पठ्ठ्यानं फोन घेतला आणि थेट यूट्यूब उघडलं.

मग जरा वाचलं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात एरिक शॉप्लर यांच्या कामातून १९७२ मध्ये 'टीच' नावाचा राज्यभराचा कार्यक्रम सुरू झाला. त्यांचं म्हणणं साधं होतं: लेकराला बदलायच्या आधी त्याच्याभोवतीची जागा आणि दिवस त्याला कळेल असा मांडा. बोललेला शब्द हवेत विरतो, चित्र समोर राहतं.

पहिली चित्रं नेटवरून काढली. तीही फसली. त्यातला संडास कमोडचा, आंघोळ शॉवरखाली. आमच्याकडे बादली आणि तांब्या! मग घरातलेच फोटो काढले: त्याचं ताट, त्याचा तांब्या, अंथरूण. जिंतूरला लॅमिनेट केले, मागे वेल्क्रो. फ्रिजवर वरून खाली दिवसाची रांग. काम झालं की कार्ड काढून डब्यात टाकायचं. डब्यात टाकायला त्याला फार आवडतं, का ते विचारू नका.

आणि रविवारच्या रांगेत एक कार्ड बारवेचं, मामाच्या फोटोसोबत. म्हणजे बारव बंद नाही, रविवारी मामाबरोबर आहे. उंबऱ्यावर लाल पट्टी, दाराला घुंगरू, कडी आता आतून, पण उंचावर. पट्टीवर विसंबून पाठ फिरवायची नाही, हे मामीनंच ठरवलं, आणि बरोबरच आहे.

मिक्सर लावायच्या आधी मिक्सरचं कार्ड दाखवायचं. मग तो स्वतःच कोठीमागच्या कोपऱ्यात गोधडीत जाऊन बसतो. आधी कानावर हात ठेवून किंचाळायचा.

फोन टाकाऊ आहे असं नाही हां. आयआयटी मुंबईच्या आयडीसीत तयार झालेलं 'जेलो' हे अ‍ॅप मोफत आहे. चित्र दाबलं की ते मराठीत बोलतं. पण त्यासाठी वेगळा फोन ठेवा, ज्यात यूट्यूब नाही. हा धडा मी दोन रविवार देऊन शिकलोय.

मागच्या गुरुवारी मामीचा फोन आला. त्यानं बारवेचं कार्ड उपटलं, पळाला नाही, मामाच्या हातात आणून ठेवलं. मामी विचारत होती, "आज रविवार नाही ना रे, मग काय करायचं?"

मी म्हटलं, "मामी, त्यानं विचारलंय. जाऊ दे त्यांना."

गेले दोघं. हात धरून.