साल धरताना



खान्देशात वर्ष एकदाच सुरू होत नाही. पेठेत ते दिवाळीच्या पाडव्याला वहीपूजनाने उघडते, घरात गुढीपाडव्याला, शेतात आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बँकेत एक एप्रिलला. आणि आता चार दिवसांवर आली आहे एक जानेवारी. ही तारीख परकी म्हणून तिला नावे ठेवावीत, असे मला वाटत नाही. माणसाला थांबून स्वतःकडे बघायला काही निमित्त लागते, आणि ज्या दिवशी आजूबाजूचे सगळेच थांबतात तो दिवस त्याला बरा पडतो. माझे भांडण तारखेशी नाही. त्या दिवशी आपण स्वतःकडून जे वदवून घेतो, त्याच्याशी आहे.

काय वदवून घेतो? यंदा दहा किलो वजन उतरवणार. यंदा स्पर्धा परीक्षेत पोस्ट काढणारच. यंदा एकरी बारा क्विंटल कापूस. रोज पहाटे पाचला उठणार, एकही दिवस न चुकता. वर्षाच्या शेवटी हातात काय असेल, याची हमी आपण वर्ष उजाडायच्या आधीच देऊन मोकळे होतो. त्यातले निम्मे आपल्या हातात नसते. उरलेल्या निम्म्यात एक दिवस चुकतो आणि मग सगळेच सुटते.

अमेरिकेतल्या स्क्रँटन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन नॉरक्रॉस यांनी नववर्षाचा निश्चय केलेल्या २०० माणसांचा दोन वर्षे मागोवा घेतला. १९८९ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिला आठवडा ७७ टक्के लोक टिकले, दोन वर्षांनी उरले १९ टक्के. पण मला त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. जे यशस्वी झाले त्यांच्यातलेही निम्म्याहून अधिक लोक मधे घसरले होते, आणि दोन वर्षांत घसरण्याची सरासरी होती १४ वेळा. म्हणजे टिकलेली माणसे कधी चुकलीच नव्हती असे नाही. चुकल्यावर ती परत कामाला लागली. ‘एकही दिवस न चुकता’ ही अट घालणाऱ्याला ही परतीची वाटच राहत नाही. याच नॉरक्रॉस यांनी पुढे आणखी एक तुलना केली. बदल हवा होता, पण निश्चय केला नव्हता, अशांपैकी सहा महिन्यांनी फक्त ४ टक्के यशस्वी ठरले. निश्चय करणाऱ्यांत ४६ टक्के. तेव्हा ठरवणे सोडून द्या, असे सांगायला मी आलेलो नाही. काय ठरवायचे, एवढाच माझा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर मला आखाजीत सापडते. आखाजी म्हटले की आपल्याला माहेरी आलेल्या लेकी, झाडाला बांधलेले झोके, गौराईची गाणी, पितरांसाठी भरलेली घागर आणि आमरस-सांजोऱ्या आठवतात. पण शेतकऱ्याच्या घरी त्या दिवशी आणखी एक गोष्ट होत असे, काही गावांत अजूनही होते. वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या जुन्या सालदाराचे साल संपते आणि नवे साल धरले जाते. वर्षाची रोख रक्कम, धान्य, कपडालत्ता, आधी द्यायची उचल, सगळे बोलून ठरते. या व्यवहारात सालदाराची पिळवणूक किती झाली, उचलीपायी किती जणांची सालामागून साले एकाच दावणीला गेली, हे या जिल्ह्यांत वाढलेल्या कोणाला सांगायला नको. त्या प्रथेची आरती मला ओवाळायची नाही. पण त्या करारातली एक गोष्ट निखळ शहाणपणाची आहे. सालदार पिकाचा शब्द देत नाही. तो राबण्याचा शब्द देतो. नांगरट, वखरपाळी, पेरणी, गुरांचे चारापाणी, रात्रीची राखण, हे त्याच्याकडे. पाऊस किती पडेल, ज्वारी किती पिकेल, हे मालकही त्याच्याकडून लिहून घेत नाही, कारण तसे मागणे वेडेपणाचे आहे हे दोघांनाही ठाऊक असते. जो वेडेपणा आपण सालदाराच्या बाबतीत करत नाही, तो एक जानेवारीला स्वतःच्या बाबतीत का करावा?

आता मी तुम्हाला याच धुळ्यातल्या एका जागी घेऊन जातो. १९३२ सालचे धुळ्याचे कारागृह. सत्याग्रही कैद्यांनी भरलेले. विनोबा भावे सहा महिन्यांची शिक्षा भोगत आहेत. साने गुरुजीही तिथेच आहेत, अमळनेरच्या शाळेतली शिक्षकी सोडून स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरलेले. कैद्यांनी विनोबांना गीतेवर बोलायला सांगितले. २१ फेब्रुवारीच्या रविवारी पहिला अध्याय झाला, १९ जूनच्या रविवारी अठरावा. पंचांग काढून बघा. या दोन तारखांमध्ये, त्या दोन्ही धरून, बरोबर अठरा रविवार येतात. एकही रविवार रिकामा गेला नाही. मार्च गेला, एप्रिल गेला, मे गेला. धुळ्याचा मे काय असतो हे मी धुळेकरांना सांगावे असे नाही, आणि तोही तुरुंगातला.

यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक होईल, देशातल्या कितीतरी भाषांत जाईल, असे तेव्हा कोणी योजले नव्हते. विनोबांनी धरला होता तो रविवार. साने गुरुजींनी धरली होती ती लेखणी. ते शब्द कानांवर पडतील तसे उतरवून घेत राहिले, आणि त्यांनी ते घेतले नसते तर आज आपल्या हाती काहीच उरले नसते. दोघांपैकी कोणाच्याही मनात आकडा नव्हता. वेळ ठरलेली होती, जागा ठरलेली होती, सोबतीला माणसे होती, आणि बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्यांचे चित्त त्यात होते.

चित्त हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण १३ मार्चच्या प्रवचनाचा, चौथ्या अध्यायाचा, गाभाच तो आहे. बाहेरून केलेल्या कर्माला आतून मनाची जी साथ मिळते तिला विनोबा तिथे विकर्म म्हणतात. ती साथ नसेल तर कर्म ओझे होते, असेल तर ते हलके होत जाते. जिममध्ये पैसे भरून फेब्रुवारीत घरी बसलेल्या तरुणाला हे चटकन कळेल. त्याने कर्म ठरवले होते, आतली साथ ठरवायची राहून गेली होती.

विनोबांच्या ‘गीताई’चेही, म्हणजे त्यांनी मराठीत आणलेल्या गीतेचेही, तसेच. मला संस्कृत गीता कळत नाही, तूच मराठीत का करत नाहीस, असे आई विनोबांना म्हणाली होती. आई १९१८ साली गेली. गीताई लिहायला सुरुवात झाली ७ ऑक्टोबर १९३० रोजी, आणि पुढच्या फेब्रुवारीत ती पुरी झाली. आई गेल्यानंतरची बारा वर्षे ती गोष्ट मनात राहिली. कुठल्याही एका वर्षाच्या ३१ डिसेंबरला हिशेब मांडला असता, तर तो ‘झाले नाही’ असाच लिहावा लागला असता.

इथे कोणी गांधीजींचा दाखला देईल, आणि तो द्यायलाच हवा. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून त्यांनी आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली, तीच पुढे ‘मंगल प्रभात’ झाली. ‘शक्य तितके करीन’ असे म्हणण्यात त्यांना दुबळेपणा दिसत होता. व्रत घेतले की घेतले. मग माझे म्हणणे ढिलाईचे ठरते का? ती व्रते एकदा नजरेखालून घाला. सत्य, अहिंसा, अस्तेय, शरीरश्रम, अस्वाद, निर्भयता, स्वदेशी. अकरापैकी एकाही व्रतात आकडा नाही आणि एकातही फळाची हमी नाही. सगळी वागण्याची आहेत. कठोर राहायचे ते वागण्याबाबत. फळाबाबत स्वतःला कोंडीत धरण्यात शूरपणा नाही.

हे सगळे फार वरचे वाटत असेल, तर आपल्या काळ्या मातीत येऊ. जळगाव-धुळ्याचा कापूस गुलाबी बोंडअळीने किती पोखरला, ते तुम्ही पाहिले आहे. एकरी बारा क्विंटलचा निश्चय पाऊस मोडतो, अळी मोडते आणि त्यातून वाचला तर भाव मोडतो. पण एक गोष्ट शेतकऱ्याच्या हातात असते: डिसेंबरअखेर पीक संपवायचे, पऱ्हाट्या उपटायच्या, फरदड म्हणजे वेचणीनंतर पाणी देऊन पुढे चालवलेली कपाशी ठेवायची नाही. शेत काही महिने कपाशीविना राहिले की अळीला खायला मिळत नाही आणि तिची साखळी तुटते. फरदडीत चार पैसे सुटतात हे खरे आहे, आणि हातात पैसा नसलेल्या घराला ते सोडणे जड जाते हेही खरे आहे. शिवाय एकट्याने सोडून भागत नाही. शेजारच्या बांधापलीकडे फरदड उभी असेल तर पुढच्या हंगामात अळी तुमच्याही शेतात येते. म्हणून ही गोष्ट चार बांधांनी मिळून ठरवावी लागते. धुळ्याच्या कारागृहातल्या त्या रविवारांसारखीच तिला सोबत लागते, आणि ठरलेली तारीखही लागते.

अभ्यासिकांतून बसणाऱ्या मुलामुलींशी मला थोडे वेगळे बोलायचे आहे. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत, अशा परीक्षेत ‘यंदा निघणारच’ असा शब्द घरी देऊ नका. तो शब्द तुमचा नाही, तो त्या जागांच्या संख्येचा आहे. निकालाच्या दिवशी तो मोडला की पोर आईबापांसमोर उभे राहू शकत नाही, हे मी पाहिले आहे आणि त्याने माझा जीव तुटतो. घरी सांगा ते असे: रोज इतके तास बसेन, दर रविवारी झालेल्या चुका वहीत लिहीन, दोन वर्षांनी दुसऱ्या कामाचा विचार तुमच्याशी बोलून करीन. आणि आईवडिलांनीही मुलांकडून एवढाच शब्द घ्यावा, यापेक्षा जास्त मागू नये.

माझे स्वतःचे यंदाचे ठरले आहे. दर रविवारी संध्याकाळी गल्लीतल्या ज्या म्हाताऱ्या माणसांची मुले पुण्या-मुंबईला आहेत, त्यांच्यापैकी एकाच्या घरी जाऊन बसायचे. किती घरे झाली ते मोजणार नाही. एखादा रविवार चुकलाच तर पुढच्या रविवारी जाईन.

तुम्ही काय ठरवाल ते मी विचारत नाही. ज्याला एक जानेवारी जवळची वाटत नाही त्याने संक्रांत धरावी, पाडवा धरावा, आखाजीपर्यंत थांबावे, काही बिघडत नाही. फक्त ज्यांच्या रानात कपाशी अजून उभी आहे त्यांना आखाजीपर्यंत थांबता येणार नाही. त्यांच्या हातात चारच दिवस आहेत, आणि बांधाला बांध लावून बसलेले शेजारी आज याच सभागृहात असतील, तर बाहेर पडण्याआधी त्यांनी एकमेकांशी बोलून घ्यावे.