दहा घरे आणि मधली वाट



शाळेचे वेळापत्रक लावणे किती कटकटीचे असते, हे येथे बसलेल्या शिक्षकांना सांगावयास नकोच. तरी शाळेत एक सोय असते. नववीचा तास संपला की शिक्षक मिनिटभरात दहावीच्या वर्गात पोहोचतो. हेच वर्ग गावभर विखुरलेल्या घरांत भरू लागले तर? आजचा माझा विषय तोच आहे.

इंग्लंडमध्ये घरीच राहणाऱ्या वृद्ध व अपंग माणसांकडे सेविका जातात. अंथरुणातून उठविणे, अंघोळ, कपडे, न्याहारी, औषध अशी ही कामे. ज्यांना खर्च झेपत नाही त्यांच्यासाठी स्थानिक कौन्सिल पैसे देते. सेविका बहुधा खाजगी संस्था पुरवितात.

आता गणित पाहा. दहा घरे एकामागून एक घ्यावयाची तर त्यांचे क्रम होतात 36,28,800. आपण म्हणाल, संगणकास यात काय अवघड? खरे आहे. 1959 साली डान्ट्झिग आणि रॅम्सर यांनी पेट्रोलच्या टँकरांचे मार्ग आखण्याचा प्रश्न गणितात मांडला, आणि तेव्हापासून या शाखेने मोठी मजल मारली आहे. परंतु टँकर कोणी चालवीत आणला, याचे पेट्रोलपंपाला सुखदुःख नसते. अंघोळ घालावयास रोज नवा चेहरा आला तर म्हातारीला ते लागते. शिवाय सगळ्यांनाच सकाळी आठला उठावयाचे असते; दुपारी मात्र सेविका रिकामी. ज्याला यंत्राच्या झोळीतून उचलावे लागते त्याच्याकडे दोघींनी एकाच वेळी पोहोचावे लागते. एकीची बस चुकली की दुसरी दाराशी उभी, आणि दोघींचीही पुढची घरे खोळंबली.

खरी मेख वाटेत आहे. समजा, आठ घरे, प्रत्येकी अर्धा तास. म्हणजे चार तास. मधल्या सात वाटा प्रत्येकी बारा मिनिटांच्या. म्हणजे 84 मिनिटे. कागदावर मात्र प्रत्येक वाटेला पाचच मिनिटे धरली, तर होतात 35. उरलेली 49 मिनिटे कोठून यावयाची? एक तर शेवटच्या घरातले आजोबा तेवढा वेळ अंथरुणात वाट पाहतात, नाहीतर प्रत्येक घरातली सहा-सहा मिनिटे कापली जातात. सहा मिनिटे म्हणजे चहाचा कप, किंवा पाठ नीट पुसणे. हा हिशेब कोणत्याही हजेरीपत्रकात दिसत नाही.

ब्रिटनमधील किमान वेतनाच्या नियमांत दोन भेटींमधला प्रवास कामाचाच वेळ धरला जातो. तरी घरातल्या मिनिटांचेच पैसे मिळाल्याची तक्रार तेथे वारंवार होते. 2015 साली ‘नाइस’ या सरकारी सल्लागार संस्थेने सांगितले की अर्ध्या तासाहून छोटी भेट अपवादानेच असावी : सेविका ओळखीची असेल, काम ठराविक असेल आणि ती भेट मोठ्या सेवेचा भाग असेल, तेव्हाच. पंधरा मिनिटांच्या भेटींवर बराच गदारोळ झाला होता. तो व्हावयासच हवा होता.

नेदरलँड्समध्ये 2006 साली सुरू झालेल्या ‘ब्यूर्टझोर्ग’ या संस्थेने निराळी वाट धरली. ‘ब्यूर्ट’ म्हणजे मोहल्ला. जास्तीत जास्त बारा परिचारिकांची एक तुकडी एकच वस्ती सांभाळते आणि आपले वेळापत्रक आपणच लावते. कोणत्या जिन्याला किती वेळ लागतो, कोणत्या घरी दार उघडावयास उशीर होतो, हे त्यांना पायांनी ठाऊक असते.